अमेरिकेतले पॅरिस

पॅरिस कोठे आहे, असे विचारले तर तुम्ही लगेच म्हणाल, "फ्रान्समध्ये!" उत्तर बरोबर आहे. पण अमेरिकेतील टेक्सास राज्यातही पॅरिस नावाचे एक लहान शहर आहे. तेथे १९९३ साली लोखंडाचा आयफेल टॉवरही उभारला. खरा टॉवर ३३० मीटर उंच. हा जेमतेम २० मीटर! १९९८ साली त्याच्या टोकावर गुराख्याची लाल टोपी बसवली. आहे की नाही गंमत?

युरोपातून आलेल्या लोकांनी नव्या गावांना अशी ओळखीची नावे दिली. काहींचे उच्चार मात्र बदलले. फ्रान्समधले 'व्हर्साय' केंटकी राज्यात 'व्हरसेल्स' झाले.

मिशिगन राज्यात बर्लिन नावाचे गाव होते. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीशी लढली आणि जर्मन राजधानीचे हे नाव लोकांना खुपू लागले. म्हणून १९१९ साली गावाचे नाव 'मार्न' ठेवले. मार्न ही फ्रान्समधील नदी. तिच्या काठी जर्मन सैन्याला माघार घ्यावी लागली होती. गावाचे नाव बदलले, पण तेथे दरवर्षी भरणाऱ्या जत्रेला लोक आजही बर्लिनची जत्राच म्हणतात.