जागल्या जागा आहे का?

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा शेतकरी ऑनलाइन सातबारा काढतो, तेव्हा ती नोंद दूरच्या डेटा सेंटरमधून येते. अशा केंद्रांत एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक नांदतात. प्रत्येकात वेगळा अँटिव्हायरस बसवण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी एका सुरक्षा-आभासी संगणकावर सर्वांच्या तपासणीचा भार टाकतात. हा जागल्या झोपला तरी बाकीचे संगणक चालूच राहतात; म्हणून त्याची झोप कोणाला कळत नाही.

त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी एसएनएमपी हा १९८८ सालापासूनचा प्रोटोकॉल वापरतात. देखरेख-यंत्रणा ठरावीक वेळाने १६१ क्रमांकाच्या पोर्टवर विचारते : सेवा चालू आहे का, मेमरी किती उरली? बिघाड झाल्यास यंत्र आपणहून १६२ वर ‘ट्रॅप’ नावाचा निरोप धाडते. पण या निरोपाची पोच नसते. तो वाटेत हरवू शकतो. आणि अचानक बंद पडलेले यंत्र तो धाडणार तरी कसे? म्हणून शांतता म्हणजे खुशाली नव्हे. विचारणाही ‘संगणक चालू आहे का’ एवढ्यावर थांबू नये. तपासणी चालू आहे का, व्हायरसची यादी ताजी आहे का, हेही विचारावे.

जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जाई. तिसऱ्या आवृत्तीने ओळख पटवण्याची आणि मजकूर झाकण्याची सोय केली. कारण हाकेला ओ येणे पुरेसे नाही. ती जागल्याचीच आहे, याचीही खात्री हवी.