लस घेतली आणि डोळा लाल झाला

निघोजे आणि चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात हाताला पत्रा कापला, की धनुर्वाताचं इंजेक्शन ठरलेलं. तीही लसच. चार दिवसांनी त्याच कामगाराचा डोळा लाल झाला, तर संशय इंजेक्शनवर जातो. बहुतेक वेळा ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं असतं. वेल्डिंगची झळ लागली असेल, तर सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. दिवस-दोन दिवसांत ते ओसरतं. ग्राइंडरचा कण बहुधा एकाच डोळ्यात रुततो.

पण लसीनंतर डोळ्याला कधीच काही होत नाही, असंही नाही. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. त्या लसीत जिवंत विषाणू असे. टोचलेली जागा खाजवून तोच हात डोळ्याला लागला, तर बुबुळावर व्रण पडू शकत असे. धनुर्वाताच्या लसीत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे तो धोका नाही.

आज क्वचित जे दिसतं ते वेगळं. लस शरीराची प्रतिकारशक्ती जागी करते. डोळ्याच्या आत ही शक्ती एरवी दबलेली असते, कारण तिथली थोडी सूजही नजरेला महाग पडते. एखाद्याच्या बाबतीत हा तोल ढळतो आणि डोळ्याच्या आतला, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर सुजतो. हा युव्हिआयटिस. फ्लू, हिपॅटायटिस बी, कोविड अशा लसींनंतर त्याच्या तुरळक नोंदी आहेत. ज्यांना तो आधी होऊन गेला आहे, त्यांनी लसीपूर्वी डॉक्टरांना सांगावं.

यात चिपडं येत नाहीत. बुबुळाभोवती लाली, आतून ठणका, उजेड सहन न होणं आणि धूसर दिसणं ही खूण. डोळा फिरवताना दुखलं आणि लाल रंग फिका दिसला, तर दृष्टीच्या नसेला सूज असू शकते. न दुखता अचानक अंधारलं, तर तासभरही थांबू नये.

मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. बुबुळावर जखम किंवा जंतुसंसर्ग असेल तर तेच थेंब डोळा घालवतात. कारण वेल्डिंग असो की लस, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर डोळा तपासून घ्या. लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर सोबत न्या आणि आरोग्य केंद्रात किंवा १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर त्रासाची नोंद करा.