११२ नंबरची सनई

गणेशोत्सवात, वरातीत, ऑर्केस्ट्रात आपण ज्याला ऑक्टोपॅड म्हणतो, त्याच्या पहिल्या अवताराला स्वतःचा आवाजच नव्हता. रोलंड कंपनीने १९८५ साली काढलेल्या त्या ‘पॅड-८’वर आठ रबरी चौकोन होते. त्यांवर काठी पडली की मागच्या वायरमधून एक छोटासा निरोप निघे. ड्रम असो की झांज, वाजायची ती वायरच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या वेगळ्याच डब्यात. या डब्याचं नाव साउंड मॉड्यूल. म्हणजे पट्ट्या काढून टाकलेला सिंथेसायझर.

वायरमधून ध्वनी जातच नाही, जातात फक्त आकडे. ही भाषा मिडीची. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या एरवी प्रतिस्पर्धी असलेल्या सिंथेसायझर-निर्मात्यांनी पुढाकार घेऊन ती घडवली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरने जोडले गेले. बोटं एकावर फिरत होती आणि दुसराही वाजत होता. एक स्वर म्हणजे तीन बाइट: ‘वाजव’, ‘साठावा स्वर’, ‘इतक्या जोरात’. हे तिन्ही पोचायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो.

वाद्य बदलायचा निरोप तर दोनच बाइटांचा. त्यात ० ते १२७ यांपैकी एक आकडा असतो. बाइटातला पहिला बिट ‘हा हुकूम आहे की आकडा’ हे ओळखण्यात खर्ची पडतो, उरलेल्या सातांत १२८च शक्यता मावतात. पुढे मॉड्यूलमधले ध्वनी शेकड्यांनी वाढले, तेव्हा बँकेच्या, म्हणजे ध्वनींच्या गटाच्या, निवडीसाठी आणखी दोन आकडे वापरात आले. आता हिशोब २०,९७,१५२ ध्वनींपर्यंत जातो. इतकी प्रचंड जागा, आणि त्यात एकाही ध्वनीचं नाव नाही! अनोळखी खानावळीत शिरून नुसतं ‘पाच नंबर’ म्हणावं, तसं हे. समोर काय येईल ते खानावळ ठरवणार.

म्हणून तर मॉड्यूलांची तुलना करण्यात मजा आहे. एकच मिडी फाइल घ्या आणि दोन डब्यांना ऐकवा. १९८७ सालच्या रोलंड एमटी-३२ मध्ये ध्वनीची सुरुवात बरेचदा खऱ्या वाद्याच्या इवल्याशा नमुन्याची असते आणि पुढची आस यंत्राने घडवलेली. १९९१चा साउंड कॅनव्हास एससी-५५ मुख्यतः नमुन्यांवरच चालतो. एमटी-३२ची वाद्यांची यादी वेगळ्याच क्रमाने लावलेली, त्यामुळे तिच्यासाठी रचलेलं संगीत एससी-५५वर जसंच्या तसं लावलं तर भलतीच वाद्यं वाजू लागतात. एका वेळी किती स्वर निघतील हाही फरक आहेच. एमटी-३२कडे ध्वनीचे ३२ तुकडे. एका स्वराला चार लागले की आठ स्वरांत पोतं रिकामं. १९९४च्या जेव्ही-१०८०ची मजल ६४पर्यंत.

क्रमाचा हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ आलं. १२८ वाद्यांची ठरलेली यादी. पहिला पियानो, १०५वी सतार, ११२वी सनई, १२६वं हेलिकॉप्टर, शेवटी बंदुकीचा बार. मला यातली गंमत अशी वाटते की जगाने प्रमाणित केली ती नावं, आवाज नव्हे. सनई ११२ नंबरवर हवी एवढंच ठरलं. ती कुणाच्या लग्नातली, किती नाकातली, हे प्रत्येक कंपनीने आपापलं पाहून घेतलं. बरं, हा ११२ वायरमधून १११ म्हणून जातो, कारण यंत्र शून्यापासून मोजतं. काही मॉड्यूल पडद्यावर एकपासून मोजतात, काही शून्यापासून. काही तर आठ-आठांचे गट पाडून ११ ते ८८ असे आकडे दाखवतात. सनई मागावी आणि शेजारचं फिडल यावं, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

ध्वनीला नाव असतं, पण यंत्राच्या पोटात. यामाहा डीएक्स-७ मध्ये प्रत्येक ध्वनीच्या १२८ बाइटांपैकी शेवटचे दहा नावासाठी राखलेले. दहा अक्षरांत ‘ट्युब्युलर बेल्स’ कसं बसवणार? त्याचं ‘टब बेल्स’ झालं. अशा ३२ ध्वनींचा गठ्ठा ४,१०४ बाइटांचा; तो सव्वा सेकंदाच्या आसपास संगणकात येतो आणि त्यातून नावं वाचता येतात. पण गठ्ठा बांधायची रीत प्रत्येक कंपनीची निराळी. दुसरा मार्ग हमालीचा: मॉड्यूलचं पुस्तक उघडायचं आणि यादी टाइप करायची. केकवॉक या सॉफ्टवेअरची ‘इन्स्ट्रुमेंट डेफिनिशन’ फाइल म्हणजे साधा मजकूर, ओळीओळीला आकडा, बरोबरचं चिन्ह आणि नाव. ‘मिडनॅम’ फाइलींचं काम तेच, घडण जरा काटेकोर. हौशी लोकांनी अशा फाइली बनवून एकमेकांना फुकट वाटल्या. असल्या निगुतीच्या कामाचं कौतुक कुणी करत नाही, पण संगणकाच्या पडद्यावर ‘८१, २, ४७’ऐवजी नाव दिसतं ते त्यांच्यामुळे.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये यंत्रं दोन्ही बाजूंनी बोलू शकतात; विचारलं तर मॉड्यूल आपल्या ध्वनींची यादी नावांसकट स्वतःच देऊ शकतं. जुन्या जेव्ही-१०८०ला मात्र हा प्रश्न कळतच नाही. त्याच्या कारखान्यातल्या ध्वनींसाठी आधी ८१ पाठवायचं, मग बँक, मग ध्वनीचा आकडा, आणि नाव वाचायचं कुणीतरी टाइप करून ठेवलेल्या त्याच यादीत.