जेरुसलेमचा साधा दिवा

दिवाळी अंकासाठी पणतीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि वाचता वाचता मी जेरुसलेमच्या एका दिव्यापाशी अडकलो.

तिकडच्या मातीच्या दिव्याचा इतिहास थोडक्यात असा: आधी उथळ वाटी, काठाला चिमटा काढून वातीसाठी केलेली चोच. पुढे वाटी वरून मिटली, मध्ये तेल ओतायचं भोक उरलं. रोमनांनी साच्यातून दिवे काढले आणि वरच्या चकतीवर देव, ग्लॅडिएटर, शृंगारही उठवला.

इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमच्या कुंभारानं मात्र चाक धरलं. छोटं गोल पोट चाकावर, चोच वेगळी हातानं. ती ओल्या मातीनं चिकटवायची, मग सुरीनं दोन्ही बाजूंनी खरवडून टोकाला पसरट करायची. नक्षी नाही, फार तर चोचीच्या मुळाशी एखादी रेघ. सुरीच्या खुणा बोटाला लागतात म्हणे. चित्राची हौस नसलेला हा कारागीर मला फार आवडला.

ज्यू घरात शुक्रवारचा सूर्य मावळण्याआधी दिवा लागलाच पाहिजे, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, आग पेटवायची नाही. (कोकणातले बेने इस्राएल ज्यू तेलाचा धंदा करत, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.) मग तेल रात्रभर पुरायचं कसं? अंड्याच्या कवचाला भोक पाडून, त्यात तेल भरून ते दिव्याच्या तोंडावर ठेवायचं, थेंब थेंब पडेल. मिश्ना या धर्मनियमांच्या संहितेनं हे नाकारलं. कवचाऐवजी मातीचं भांडं असलं तरी नाही. पण कुंभारानं घडवतानाच ते दिव्याला जोडलेलं असेल तर चालेल, कारण मग दोन्ही मिळून एकच भांडं. धर्मशास्त्राचा निकाल कुंभाराच्या सांध्यावर!

खरं कोडं पुढे आहे. असेच दिवे उत्तरेला गालीलमध्येही घडत. तरी सेप्फोरिस, योदफात, गामला या ज्यू वस्त्यांत सापडलेल्या दिव्यांची माती तपासली, तेव्हा बहुतेक जेरुसलेम परिसरातले निघाले. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेत शआन आणि दोर या बिगर-ज्यू बहुसंख्येच्या गावांत मात्र स्थानिक मातीचेच दिवे जास्त. स्वयंपाकाची मडकी गालीलकर जवळच्या कुंभारांकडून घेत. मग हा ठिसूळ ऐवज शंभर किलोमीटरांवरून का? ज्यूंच्या मंदिराच्या नगरीचा उजेड घरी हवा म्हणून, हे उत्तर मनाला पटतं. तिथल्या कुंभारांच्या धार्मिक शुद्धतेवर भरवसा असेल, असंही म्हणता येतं. पण दिव्यावर अक्षर नाही, खूण नाही. श्रद्धा आणि व्यापार यांतलं कोणतं जास्त, हे मातीच्या घटकांवरून कसं ठरवणार?

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं. पुढे त्या भागात रोमन चकतीचे दिवेही वापरात आले, पण त्यांतल्या काहींची चित्राची चकती मुद्दाम फोडलेली सापडते. इथे तरी हेतू दिसतो: चित्र नको.

साध्या दिव्याच्या बाबतीत अडचण वाढतच चालली आहे. संग्रहालयांत, लिलावांत असे दिवे पुष्कळ दिसतात. त्यांतले कितीतरी चोरट्या खोदकामातून बाजारात आलेले. घर कुठलं, थर कुठला, कशाचीच नोंद नाही. मातीच्या तपासणीत दिवा कुठे घडला हे कळेल, कुठे जळला हे कळणार नाही. या कोड्याला तर दोन्ही हवं.