आमच्या वर्गात पिल्लं आली

कोंबडी हा पाळीव पक्षी आहे. ती सर्वांच्या ओळखीची आहे. तरी पण आमच्या वर्गात पिल्लं आली त्या दिवशी सगळी मुलं अशी बघत होती की जणू हत्तीच आला! पिल्लं आमच्या घरची, म्हणून बाई म्हणाल्या, भित्तिपत्रकात तूच लिही. पालक पण वाचणार आहेत म्हणून नीट लिहिते.

पहिल्यांदा अंड्याचं सांगते. आमची कवडी कोंबडी दिवाळीनंतर खुडूक झाली. खुडूक म्हणजे तिने अंडी घालणे बंद केले, अंग फुगवून एकाच जागी बसू लागली आणि जवळ गेलं की टोचू लागली. आजीने टोपलीत भुसा घातला आणि तिच्याखाली १३ अंडी ठेवली. पंखाखाली मावतील तेवढीच ठेवावीत, नाहीतर कडेची गार पडतात. दुकानातली अंडी चालत नाहीत. पोल्ट्रीत अंड्याच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवत नाहीत, म्हणून त्या अंड्यांत पिल्लू होत नाही. हे आमच्या वर्गात पुष्कळांना माहीत नव्हते.

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. आपलं ३७ अंश, तिचं ४१ च्या आसपास. खुडूक झाली की तिच्या पोटाखालची पिसं झडतात आणि उघडी कातडी अंड्यांना लागते. ती चोचीने अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते. फिरवली नाहीत तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. हे तिला कोणी शिकवत नाही. आठव्या दिवशी रात्री आजीने एकेक अंडं बॅटरीवर धरलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या. एका अंड्यात नुसताच उजेड दिसला, ते आजीने काढलं. राहिली १२.

विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतून चिवचिव! अंड्याच्या रुंद बाजूला थोडी हवा असते. पिल्लू आधी त्या हवेत चोच घालून श्वास घेते आणि मग कवच फोडते. चोचीच्या टोकावर एक पांढरा खरखरीत कण असतो, त्याने ते फोडते. तो कण नंतर गळून पडतो. भोक पडल्यावर पिल्लू तासन् तास तसंच पडून राहतं. माझ्या भावाला वाटलं आपण कवच सोलून द्यावं. आजीने त्याचा हात धरला. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात रक्त असते आणि ते पिल्लाच्या अंगात परत जायला वेळ लागतो. २१ व्या दिवशी ११ पिल्लं निघाली. एक अंडं तसंच राहिलं.

बाहेर आलेलं पिल्लू दोन दिवस काही न खाता जगतं. निघायच्या आधी ते अंड्यातला पिवळा बलक पोटात ओढून घेतं, तीच त्याची शिदोरी. त्यामुळे आई मागे राहिलेल्या अंड्यांवर बसून राहू शकते.

आता शाळेचं. पिल्लं पाच दिवसांची झाल्यावर बाईंनी आजीला विचारलं. आजी आधी नाहीच म्हणाली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीत मानमोडी आली होती. कोंबड्या हिरवट हगू लागल्या, माना वाकड्या झाल्या, चार दिवसांत आमच्या नऊ कोंबड्या गेल्या. फक्त कवडी राहिली. अंडी विकून आजी माझ्या वह्या आणते, म्हणून ही ११ पिल्लं म्हणजे आमचं सगळंच होतं. या रोगाचं पुस्तकातलं नाव राणीखेत. तो माणसाच्या चपलेवरून, कपड्यावरून सुद्धा एका घरून दुसऱ्या घरी जातो. म्हणून आजीने अटी घातल्या. ज्याच्या घरी कोंबडी आजारी आहे त्याने लांबून बघायचं. चपला बाहेर. पिल्लं डालग्यातून काढायची नाहीत. आणि कवडी बरोबर येणार.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, कोंबडी कशाला, बल्ब लावू! पण आमच्या गावात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पिल्लांच्या अंगावर मऊ लव असते, खरी पिसं नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. ऊब कमी पडली की ती एकमेकांवर चढतात आणि मोठ्याने ओरडतात. जास्त झाली की लांब लांब बसून चोच उघडी ठेवतात. हे आम्ही वर्गात पाहिलं. दारातून वारा आला तशी सगळी ओरडत कवडीच्या पंखाखाली घुसली आणि एका मिनिटात गप्प! नुसती डोकी दिसत होती. पहिलीची मुलं तर हसून लोळली.

आम्ही तांदळाच्या बारीक कण्या टाकल्या. कवडी कुडकुड करून कणी उचलायची आणि खाली टाकायची, मग पिल्लं ती टिपायची. पाणी उथळ ताटलीत ठेवून त्यात खडे टाकले होते. खोल भांड्यात पिल्लू बुडून मरतं. शेवटी पिल्लांना हात न लावलेल्यांनी सुद्धा साबणाने हात धुतले. चांगल्या दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावर सुद्धा साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्याने माणसाला जुलाब आणि ताप येतो. पिल्लाची पापी घेणारे आमच्या वर्गात दोघं आहेत, त्यांची नावे लिहीत नाही.

बाईंनी आजीला विचारलं, लस का देत नाही? लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकायची असते. आजी म्हणाली, बाटली १०० पिल्लांची येते, माझी ११. उरलेली ठेवता येत नाही, एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. मग बाईंनी फळ्यावर लिहून काढलं, कोणाच्या घरी किती लहान पिल्लं आहेत. आमच्या वर्गातच ६४ भरली. सातव्या दिवशी काका जनावरांच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली घेऊन आले. शाळा सुटल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर थेंब टाकले. ज्याची त्याची पिल्लं वेगळ्या टोपलीत होती. आजी म्हणाली, टोपल्या एकमेकींना लागू देऊ नका.

काही पालकांनी विचारलं की ही बर्ड फ्लूची लस का? नाही. तो रोग वेगळा. २००६ साली तो आपल्या राज्यात नवापूरला आला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. लासोटाने फक्त मानमोडी थांबते.

आमची ११ पैकी १० पिल्लं आहेत. एक घारीने नेलं, त्याला लस काय करणार! आठ आठवड्यांची झाली की सुईची लस द्यायची आहे. ज्यांच्या घरी पिल्लं आहेत त्यांनी आकडा बाईंच्या वहीत लिहावा, म्हणजे बाटली पुन्हा एकच आणता येईल.