जुनी छायाचित्रे

जुन्या घराच्या माळ्यावर बहुधा एखादी पत्र्याची ट्रंक असते. तिच्या तळाशी, पंचांगे आणि लग्नपत्रिका यांच्याखाली, पिवळसर पडलेली काही छायाचित्रे सापडतात. त्यांत पागोटे घातलेले गृहस्थ खुर्चीवर ताठ बसलेले असतात, शेजारी नऊवारी नेसलेल्या स्त्रिया उभ्या असतात, आणि कोणाच्याही मुखावर हसू नसते. ही सारी माणसे रागीट होती, असे मात्र कोणी समजू नये! त्या काळी काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात कोणी मान हलविली, तर त्याचे मुख पुसट होऊन जाई.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जगापुढे आली. पुढे पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या वेळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकी होत. तेव्हा कागदास अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप देत आणि त्यावर चांदीच्या क्षाराचे द्रावण पसरीत. ऊन आणि दमट हवा ही अशा चित्रांची वैरी होत.

पाणी तर त्याहून निर्दय. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्यातील नदीकाठच्या पेठांत शिरले. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. परंतु भिंतीवरील आजोबांचे एकुलते एक छायाचित्र चिखलात गेले, तर ते कोठून आणावे? त्याची एखादी प्रत परगावच्या आत्याबाईंकडे असेल, तरच ते मुख पुन्हा दृष्टीस पडणार. ज्यांनी चित्र जपून कुलुपात ठेवले त्यांच्यापेक्षा ज्यांनी ते आप्तांत वाटले, त्यांचेच अशा वेळी अधिक सुरक्षित राहते.

चित्र दहाजणांनी पाहिले म्हणजे ते बोलूही लागते. एकाला मधला मुलगा ओळखतो, दुसऱ्याला मागचे दुकान. मुंबईच्या रस्त्याच्या चित्रात घोड्यांची ट्राम दिसली, तर ते १८७४ च्या पूर्वीचे नव्हे, हे निश्चित. विजेची ट्राम दिसली, तर ते १९०७ ते १९६४ या काळातील असले पाहिजे. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तो अर्धवट बांधलेला दिसल्यास चित्राचा काळ आणखीच नेमका ठरतो.

माणसांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात मिळत नाहीत. ती घरातील वृद्धांनाच ठाऊक असतात, आणि वृद्ध कायम राहत नाहीत. म्हणून चित्र कडेला धरून आजीपुढे ठेवावे, ती सांगेल ते नाव, नाते आणि गाव मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई वापरू नये. ती कागदातून पुढे पाझरते आणि नेमकी कोणाच्या तरी गालावर उमटते.