'काळ' कुठे बसवायचा?

'काल', 'काव्य', 'काहूर', 'काळ'. शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे हे शब्द याच क्रमाने लागतात, कारण 'ळ' येतो 'ह'नंतर. युनिकोडने मात्र 'ळ'ला 'ल'च्या शेजारचा क्रमांक दिला आहे. केवळ क्रमांक पाहणारा संगणक म्हणूनच 'काळ'ला 'काल'च्या लगेच मागे उभा करतो. शब्दसूची करणाऱ्या माझ्यासारख्याला हा फरक वारंवार भेटतो. त्याचे मूळ शोधत गेलो, तेव्हा कळले की प्रश्न जितका भाषेचा, तितकाच साठवणुकीचा आहे.

लिनक्समध्ये भाषेच्या रीतिभाती ज्या संचात असतात, त्याला 'लोकेल' म्हणतात. 'जीलिबसी' या पायाभूत ग्रंथालयात या संचाचे १२ भाग आहेत: अक्षरांची ओळख, क्रमवारी, तारीख, चलन, आकड्यांची मांडणी वगैरे. हे भाग ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक भाषेची वेगळी पेटी आणि तिच्यात प्रत्येक भागाची स्वतंत्र फाईल. हवी ती भाषा घालावी, नको ती काढावी. पण प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना या फाइली एकेक करून शोधाव्या, उघडाव्या, मिटाव्या लागतात. दुसरीत सगळ्या भाषा एकाच मोठ्या संग्रहफाइलीत असतात. ती एकदा उघडली की आतल्या सूचीवरून हवी ती भाषा चटकन सापडते. दोन भाषांचा एखादा भाग तंतोतंत सारखा असेल तर तो एकदाच साठवला जातो. मात्र एखादी भाषा काढून टाकली, तरी फाईल आकसत नाही.

सर्व भाषांची ही फाईल फेडोरासारख्या वितरणात २०० मेगाबाईटच्या पुढे जाते. आकडा पाहून वाटते, एवढे ओझे प्रत्येक प्रोग्रॅम वाहतो की काय! तसे नाही. फाईल स्मृतीत उतरवली जात नाही, तिचा नुसता नकाशा जोडला जातो. प्रत्यक्ष वाचलेली पानेच स्मृतीत येतात आणि सगळे प्रोग्रॅम तीच पाने वाटून घेतात. खर्च होते ती मुख्यतः डिस्कवरची जागा.

हजारो प्रतींत वाटल्या जाणाऱ्या छोट्या कंटेनरांत मात्र हीच जागा मोजून वापरतात. संचातला सर्वांत जड भाग क्रमवारीचा: अलीकडच्या आवृत्त्यांत एका भाषेचा हा तक्ता अडीच मेगाबाईटच्या घरात जातो. २०२२ साली जीलिबसीच्या २.३५ या आवृत्तीत 'सी.यूटीएफ-८' हा हलका लोकेल आला. त्याचा आकार सुमारे ४०० किलोबाईट. तो देवनागरी अक्षरे ओळखतो, पण क्रमवारीचा तक्ताच बाळगत नाही. नुसते क्रमांक ताडून पाहतो. त्यामुळे वेगही वाढतो. मराठी मजकूर पडद्यावर ठाकठीक दिसतो, कुठेही चूक दाखवली जात नाही, आणि 'काळ' निमूटपणे 'काल'च्या मागे जाऊन उभा राहतो.

क्रम म्हणजे केवळ शोभा नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ने क्रमवारीचे तक्ते आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीशी जुळवले. पोस्टग्रेस्क्यूएल या माहितीकोशातल्या अनुक्रमणिका मात्र जुन्या क्रमाने रचलेल्या होत्या. कार्यप्रणाली अद्ययावत होताच काही ठिकाणी कोशात असलेली नोंदही शोधात सापडेना. अनुक्रमणिका नव्याने बांधणे हाच उपाय होता. ग्रंथालयातल्या कपाटांचा क्रम रातोरात बदलावा आणि तालिका जुनीच राहावी, तसे हे झाले.

म्हणून मराठी कोश, ग्रंथसूची किंवा मतदारयादी संगणकावर चढवताना 'मराठी दिसते का?' एवढे विचारून भागणार नाही. या यंत्रावर मराठीचा क्रम-तक्ता आहे का, आणि तो कोणत्या आवृत्तीचा, हेही विचारायला हवे. परीक्षा सोपी आहे: वरचे चार शब्द द्यावेत आणि 'काळ' कुठे बसतो ते पाहावे.